चाळिशी उलटल्यावर स्नोबोर्ड शिकायचाय, साताऱ्यात बसून काय तयारी करू?

वेण्णाकाठ
नमस्कार मंडळी. वय ४६, मुक्काम शाहूपुरी, सातारा. दहावीच्या गणिताचे क्लास घेते. आजवर बघितलेला बर्फ म्हणजे गोळ्याचा आणि फ्रीजरमधला, त्यामुळं प्रश्न अगदी पहिलीतले आहेत.

हिवाळी ऑलिंपिकमधलं स्नोबोर्ड बघितल्यापासून डोक्यात किडा वळवळतोय. हवेत गिरक्या घ्यायच्या नाहीत, उतारावरून वळत वळत न पडता खाली येता आलं तरी पुष्कळ. घरी विषय काढला तर नवरा म्हणाला, "पाय मोडून घेतलास तर प्रमेयं कोण शिकवणार?" सासूबाई मात्र म्हणाल्या, "जाऊ दे तिला." त्यामुळं निम्मा किल्ला सर झालाय.

विचारायचंय ते असं. या वयात थेट स्नोबोर्ड (दोन्ही पाय एकाच फळीवर) घ्यावा की आधी स्की (दोन पायांना दोन पट्ट्या) शिकावं? काश्मीरातलं गुलमर्ग, उत्तराखंडातलं औली, हिमाचलातलं सोलंग यांतलं कुठं जावं? आणि चार-पाच महिने हातात आहेत, तर इथे बसून काय करता येईल? "काही नको, काश्मीर फिरून या" हे उत्तर नातेवाईकांकडून मिळालेलं आहे.

भडंगप्रेमी
सांगलीला असता तर पुराच्या पाण्यात आयर्विन पुलाखाली बोर्ड टाकून सराव झाला असता. विषय भारी आहे, वाचतोय.

मिरजकर_डेन्व्हर
ताई, मी इकडं कोलोरॅडोत आल्यावर अडतिसाव्या वर्षी शिकलो, तेव्हा जरा सविस्तर लिहितो.

स्कीचं आणि बोर्डचं गणित उलटं आहे. स्कीवर पहिल्या दिवशी दुपारपर्यंत माणूस पुढची टोकं जवळ आणून, मागची फाकवून, ब्रेक लावत खाली येतो. त्याला वाटतं जमलं. पुढं दोन्ही स्की समांतर ठेवून सफाईनं वळायला मात्र वर्षं जातात. बोर्डवर पहिले दोन-तीन दिवस नुसती धुलाई. कपडे ओले, ढुंगण काळंनिळं, शेजारून पाच वर्षांची पोरं सुळकन निघून जातात. पण एकदा दोन वळणं जोडता आली की पुढची प्रगती झपाट्यानं होते. म्हणून सलग चार-पाच दिवस नसतील तर बोर्डच्या नादी लागू नका. दोन दिवसांत माणूस नेमका कंटाळण्याच्या टप्प्यावर घरी परततो आणि आयुष्यभर "बेकार प्रकार आहे" म्हणून सांगत फिरतो.

आता पडायचं कशानं ते सांगतो, कारण हे आधी कळलं तर निम्मी हाडं वाचतात. बोर्डला दोन धारा असतात, एक टाचेकडची आणि एक बोटांकडची. दोन्ही पाय पट्ट्यांनी जखडलेले. तुम्ही उताराला आडवे, तोंड खाली दरीकडे करून उभे आहात. टाचांवर भार आणि पायाची बोटं बुटात वर ओढलेली, म्हणजे वरच्या बाजूची धार बर्फात रुतलीय आणि बोर्ड हळूहळू खरवडत खाली सरकतोय. इथवर ठीक. आता जरा दमलात, बोटं सैल सोडली, बोर्ड सपाट झाला. त्या क्षणी खालच्या बाजूची धार बर्फात अडकते. बोर्ड जागच्या जागी थांबतो, तुम्ही थांबत नाही, आणि तोंडावर जोरात आपटता. बोटांवर उभं राहून डोंगराकडे तोंड असेल तर हेच उलटं होतं आणि डोक्याचा मागचा भाग बर्फावर बसतो. हेल्मेट त्यासाठीच.

गंमत म्हणजे हे सगळ्यात जास्त घडतं ते जवळजवळ सपाट जागी. तीव्र उतारावर धार आपोआप रुतलेली असते, सपाटीवर माणूस निवांत होतो.

फौजीकाका_अपशिंगे
मी मराठा लाइट इन्फंट्रीत होतो. गुलमर्गला आमचं हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूल आहे, १९४८ साली स्की स्कूल म्हणूनच सुरू झालेलं. तिथं स्की शिकलो. आमच्या बॅचमधल्या बहुतेकांनी बर्फ पहिल्यांदा तिथंच बघितला होता.

ताई, माझं मत स्की. फौज स्की का वापरते? तर त्याच्यावर चालता येतं, चढता येतं, हातात काठ्या असतात. बोर्डवाला सपाटीवर आला की गाडी बंद. एक पाय सोडवायचा, दुसऱ्या पायानं ढकलत बसायचं. वर खेचून नेणारी दोरीची लिफ्ट पण बोर्डवाल्याला जड जाते, आडवं उभं राहून दांडा सांभाळावा लागतो. स्कीवाला सरळ उभा राहून जातो.

तब्येतीचं म्हणाल तर गुलमर्ग साधारण २६५० मीटरवर आहे, म्हणजे महाबळेश्वरच्या जवळजवळ दुप्पट. पोचल्या दिवशी आराम. चहा प्या, झोपा. पहिल्याच दिवशी मर्दुमकी दाखवली की रात्री डोकं धरून बसायची पाळी येते.

सरळ_बोलतो
स्पष्ट लिहितो, राग मानू नये. साताऱ्यातून बर्फ गाठायला दीड-दोन हजार किलोमीटर. एवढा खर्च करून आठवडाभर पडायचं, परत येऊन फोटो टाकायचे, आणि पुन्हा वर्षभर बोर्डचं तोंड बघायचं नाही. जो खेळ आपल्या मातीत खेळता येत नाही तो शिकून काय उपयोग? त्यापेक्षा वासोटा करा, सज्जनगड चढा. फुकट आहे.

यवतेश्वर_रनर
@सरळ_बोलतो वासोट्याला बोट लागते, वनखात्याची फी लागते. फुकट नाही. 😄

कृष्णामाईची_लेक
@सरळ_बोलतो माझे मिस्टर दरवर्षी वायफळ खर्च करून क्रिकेटची मॅच बघायला परगावी जातात, तेव्हा "आपल्या मातीत" कुणी विचारत नाही. बाई काही शिकायला निघाली की हिशोबाची वही बाहेर येते. ताई, तुम्ही जा.

सरळ_बोलतो
बाईमाणूस म्हणून नाही म्हटलं हो. पुरुषानं विचारलं असतं तरी हेच लिहिलं असतं. बरं, गप बसतो.

यवतेश्वर_रनर
तयारीबद्दल मी सांगतो. सातारा हिल हाफ मॅरेथॉनसाठी आम्ही यवतेश्वर घाट पळतो. चढाला दम लागतो, पण मांड्या भरून येतात त्या उतरताना. बोर्डला तेच लागणार. रोज अजिंक्यतारा चढा आणि हळू, गुडघे वाकवून उतरा. शिवाय कासला पाऊस पडून गेला की गवतावर प्लायवूडची फळी टाकून...

भडंगप्रेमी
...आणि खाली वनखात्याची जीप उभी! फुलं तुडवली म्हणून पहिली अटक सातारकराची.

यवतेश्वर_रनर
गंमत केली राव. कास २०१२ पासून जागतिक वारसा यादीत आहे, तिथं चप्पल घसरली तरी लोक वळून बघतात.

सांधेजोड
मी फिजिओथेरपिस्ट, विश्रामबाग, सांगली. धावणं चांगलंच, पण रनरदादांनी सांगितलेल्यात दोन गोष्टी राहिल्या.

पहिली, उठणं. बोर्ड शिकताना जितक्या वेळा पडाल तितक्या वेळा पाय बांधलेल्या अवस्थेत बर्फावरून उठायचं असतं. लोक दमतात ते घसरून नाही, उठून. घरी सतरंजीवर बसा आणि हात न टेकता उभं राहायचा सराव करा. मग दोन्ही पाय ओढणीनं सैल बांधून, हात टेकून, पालथं होऊन उठा. घरचे हसतील, हसू द्या.

दुसरी, नडगीच्या पुढचा स्नायू. मिरजकरांनी लिहिलंय ना, बोटं वर ओढून धरायची, तो हाच. आपण रोजच्या जगण्यात त्याला कधी कामाला लावत नाही. भिंतीला पाठ टेकून, टाचा जमिनीवर ठेवून पंजे वर-खाली करा, नडगी जळायला लागेपर्यंत. पोटरीसाठी पायरीवर चवड्यांवर उभं राहून टाचा वर-खाली. आणि एका पायावर उभं राहून दात घासा.

आता मनगट. बोर्डवर नवशिक्यांची सर्वात नेहमीची दुखापत म्हणजे मनगटाचं फ्रॅक्चर. पडताना माणूस आपसूक तळहात पुढं करतो आणि सगळं वजन त्या दोन हाडांवर येतं. पुढं पडताना मुठी मिटून कोपरापासूनच्या हातांवर, छाती उचललेली. मागं पडताना खाली बसून गोल व्हा, हनुवटी छातीला, हात मागं टेकायचे नाहीत. गादीवर सराव होतो. मनगटाचे गार्ड इथूनच घेऊन जा, तिथं मिळतीलच असं नाही. आत पॅड असलेली चड्डीही मिळते, माकडहाडाला तिचा फार उपयोग.

ताई, तुमच्या वयात पाळी जाण्याच्या आसपास हाडांची घनता कमी व्हायला लागते. घाबरवत नाही, पण डॉक्टरांना एकदा विचारून घ्या.

दुबईत_विटेकर
आमच्या विट्याकडची गलाईवाली माणसं देशभर पसरलीत, मी जरा पुढं निघालो. इथं मॉलमध्ये स्की दुबई आहे, २००५ पासून. बाहेर पंचेचाळीस डिग्री आणि आत शून्याच्या खाली. सगळ्यात लांब उतार ४०० मीटर. बोर्डचे धडेही देतात. कुणी नातेवाईक इकडं असेल तर दोन धडे इथं घेऊन मग गुलमर्गला जावं. बर्फ कृत्रिम आहे, कडक लागतो, पण धार म्हणजे काय ते पायाला कळतं.

माझ्या इन्स्ट्रक्टरनं पहिला तासभर एकच पाय बांधायला लावला होता. दुसऱ्या पायानं ढकलत सपाटीवर फिरायचं. तेव्हा वैताग आला, नंतर लिफ्टवरून उतरताना त्याची किंमत कळली.

उतारावरचा
जागेबद्दल थोडं. मी २०२४ च्या जानेवारीत गुलमर्गला गेलो होतो. चिल्लई कलान, म्हणजे २१ डिसेंबरपासूनचे चाळीस कडाक्याचे दिवस, त्यात तरी बर्फ मिळणारच म्हणून बुकिंग केलं. तिथं बघतो तर तपकिरी गवत! घोड्यावर बसून गोल्फचं मैदान बघून परत आलो. आणि महिना संपता संपता बर्फ सुरू झाला, फेब्रुवारीत तर धो धो. तेव्हा परतावा न मिळणारं बुकिंग फार आधी करू नका.

तिथली रचना अशी. गावाजवळ मोकळं कुरण आहे, तिथे सौम्य उतार. नवशिक्यांचं विद्यापीठ तेच. गंडोल्याचा, म्हणजे तारेवरून वर नेणाऱ्या पाळण्यांचा, पहिला टप्पा कोंगडूरीपर्यंत, दुसरा अफरवटवर जवळपास ३९५० मीटरला. दुसऱ्या टप्प्यावर बोर्ड घेऊन जाण्याचा मोह पहिल्या खेपेला टाळा. वर आखलेली, सपाट केलेली वाट नाही, तो मोकळा डोंगर आहे. हिमप्रपातात तिथं माणसं गेलेली आहेत, तीही अनुभवी परदेशी.

औलीला गढवाल मंडल विकास निगमचे सात आणि चौदा दिवसांचे कोर्स वर्षानुवर्षं चालतात, पण ते स्कीचे. जानेवारी २०२३ मध्ये जोशीमठात जमीन खचली तेव्हा रोपवे बंद केला होता, जायच्या आधी काय चालू आहे ते विचारा. सोलंगला पर्यटकांची गर्दी इतकी की शिकायला जागा कमी.

कृष्णामाईची_लेक
पॅकेजबद्दल सावध. आमच्या ओळखीतल्या एका टूरवाल्यानं "स्नोबोर्डिंग समाविष्ट" लिहिलं होतं. प्रत्यक्षात एक जुनाट बोर्ड, वीस जणांची रांग, प्रत्येकानं त्यावर उभं राहून फोटो काढायचा. इन्स्ट्रक्टर म्हणजे फोटो काढणारा मुलगा.

भडंगप्रेमी
फोटोत तरी कुणी पडलं का? 😂

मिरजकर_डेन्व्हर
इन्स्ट्रक्टर ठरवताना दोनच गोष्टी विचारा: तो स्वतः बोर्ड शिकवतो की फक्त स्की, आणि एका वेळी किती जणांना घेतो. तिथं स्की शिकवणारे भरपूर, बोर्डवाले कमी. केंद्राच्या पर्यटन खात्याची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ स्कीइंग अँड माउंटेनिअरिंग गुलमर्गलाच आहे, त्यांच्याकडे त्या हंगामात बोर्डचा वर्ग आहे का ते फोन करून विचारावं.

आणि बूट. भाड्याचा बोर्ड कसाही चालेल, बुटात तडजोड नको. गुडघे वाकवल्यावर टाच उचलली जाता कामा नये. एकच लांब मोजा, दोन घातले की पाय आत सरकतो आणि रक्त अडतं. सुती मोजे नकोत.

कुठला पाय पुढं हे इथंच ठरवून जा. मोजे घालून गुळगुळीत फरशीवर पळत येऊन घसरा, जो पाय आपोआप पुढं जाईल तो. डावा पुढं असेल तर रेग्युलर, उजवा असेल तर गूफी. दोन्हीत कमीजास्त काही नाही.

वेण्णाकाठ
बापरे, केवढी माहिती! सगळ्यांचे आभार. आत्ताच हॉलमध्ये घसरून बघितलं. उजवा पाय पुढं गेला, मागून टीपॉय आला. म्हणजे गूफी.

दोन अडचणी सांगायच्या राहिल्या. एक, फेब्रुवारी मला शक्यच नाही. दहावीची बॅच, बोर्डाची परीक्षा डोक्यावर. मुलांचा शेवटचा पेपर झाला की मार्चच्या मध्याला सुटते. तेव्हा बर्फ असतो का?

दोन, कॉलेजात असताना खो-खोत डावा गुडघा पिरगळला होता. ऑपरेशन नाही झालं, पण जिने उतरताना अजून कुरकुरतो आणि कधीकधी सटकल्यासारखं वाटतं.

सांधेजोड
ताई, हे पहिल्या पोस्टमध्ये हवं होतं! यानं उत्तरच बदलतं.

स्कीमध्ये दोन पाय दोन वेगळ्या लांब पट्ट्यांवर असतात. एक पट्टी अडकली आणि शरीर फिरलं की ती पट्टी तरफेसारखी गुडघा पिळते. पडताना बूट सुटावा म्हणून बाइंडिंग असतं, पण हळू पडताना ते सुटतंच असं नाही. गुडघ्याचे लिगामेंट तुटण्याचं प्रमाण म्हणूनच स्कीत जास्त. बोर्डला दोन्ही पाय एकाच फळीवर पक्के, बाइंडिंग सुटत नाही, त्यामुळं गुडघ्याला पीळ कमी बसतो. तिथं मनगट, खांदा, घोटा धोक्यात. म्हणजे तुमच्या गुडघ्याच्या दृष्टीनं बोर्ड बरा.

पण दोन ठिकाणी जपा. एक पाय सोडून ढकलत जाताना आणि लिफ्टवरून उतरताना बांधलेला पाय अडकून गुडघा पिळू शकतो. तुम्ही गूफी, म्हणजे बांधलेला पाय उजवा, ते एक बरं झालं. बोटांकडच्या धारेवरून पडाल तेव्हा दोन्ही गुडघे आपटतात, तेव्हा पॅंटच्या आत नीकॅप नाही, जाड फोमचे पॅड घाला. आणि "सटकल्यासारखं" हे अंगावर काढू नका. आधी हाडांच्या डॉक्टरांना दाखवा, गरज वाटली तर ते एमआरआय सांगतील. गुडघा अस्थिर निघाला तर या वर्षी मांड्या मजबूत करा, बर्फ पुढच्या वर्षी.

फौजीकाका_अपशिंगे
गुडघ्याचं वाचलं. माझं स्कीचं मत मागं घेतो. डॉक्टर म्हणतात तसंच करा. आमच्या वेळी गुडघा गेलेला एक जवान मला आठवतोय, स्कीवरच गेला होता.

सपाटीचं मात्र अजून खरं आहे. 😀

उतारावरचा
मार्चबद्दल: बर्फ असतो, पण स्वभाव बदललेला. रात्री गोठतो, सकाळी काचेसारखा कडक, दुपारी उन्हानं ओला आणि जड. सकाळी नऊला पडलात तर लागेल, अकरा-बाराच्या सुमारास शिकायला उत्तम, तीननंतर बोर्ड चिखलात रुतल्यासारखा अडकतो. खालच्या कुरणात गवत डोकावायला लागलेलं असेल तर कोंगडूरीच्या बाजूचा सौम्य भाग बघावा लागेल. गर्दीही कमी. ऊन बर्फावरून परत फेकलं जातं, हनुवटीच्या खाली आणि नाकाच्या आतल्या कडेलासुद्धा क्रीम लावा, मी लावली नव्हती.

सरळ_बोलतो
गप बसतो म्हटलं होतं, तरी एक. प्रवासी विमा काढताना साहसी खेळ त्यात धरलेत का ते वाचा. पुष्कळ पॉलिसींत वगळलेले असतात.

कृष्णामाईची_लेक
@सरळ_बोलतो हे मात्र कामाचं बोललात. 👏

भडंगप्रेमी
खाण्याचं कुणी बोललंच नाही. थंडीत भडंग कुरकुरीत राहतो, तुमचा कंदी पेढा दगड होणार. वैज्ञानिक सत्य आहे.

यवतेश्वर_रनर
पेढा खिशात ठेवायचा, अंगाच्या उबेनं मऊ राहतो. भडंग खिशात ठेवून पडून बघ, पीठ होतं.

फौजीकाका_अपशिंगे
दोघांचंही चालेल. आम्ही शेंगदाणे-गूळ न्यायचो.

दुबईत_विटेकर
जायचं कसं ठरलं? साताऱ्यातून गोवा एक्सप्रेसनं हजरत निजामुद्दीन, पुढं दिल्लीहून श्रीनगर विमान, असं माझ्या भावानं केलं होतं. आता कटऱ्याहून श्रीनगरला वंदे भारतही आहे. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, तारीख मोजून बसा. गुलमर्गच्या अलीकडं तंगमर्ग लागतं, त्याच्या पुढं बर्फ असेल तर साखळी लावलेली गाडी घ्यावी लागते. प्रीपेड सिम तिकडं चालत नाही, पोस्टपेड करून घ्या.

वेण्णाकाठ
ठरलं असं: सोमवारी गुडघा दाखवते. होकार आला तर परीक्षेनंतर गुलमर्ग, बोर्डच, सलग पाच दिवस, अफरवटचं नावही काढणार नाही. पंजे वर-खाली करणं आज सुरू केलं, नडगी खरंच जळते. बारावीतला मुलगा बघून म्हणाला, "आई, एस.टी.त दांडी न धरता उभी राहा, तसाच सराव होईल." साताऱ्याहून मेढ्याला जाताना करून बघणार आहे.

शेवटची शंका. मला चष्मा आहे, लांबचा, साडेतीन नंबर. गॉगल कसा घालायचा?

मिरजकर_डेन्व्हर
चष्म्यावरून बसणारे मोठ्या चौकटीचे गॉगल मिळतात, कडेला काडीसाठी खाच असते. घेताना स्वतःचा चष्मा आणि हेल्मेट दोन्ही घालून बघा. वाफ धरते, म्हणून नाक मफलरनं पूर्ण झाकू नका, श्वास वर जाऊन काचेवर बसतो. लेन्स चालत असतील तर त्या सगळ्यात सोप्या, पण जुना चष्मा सॅकमध्ये राहू द्या.